फास्टिंग शुगर १२४ आली. १२६ च्या आत आहे, म्हणजे मधुमेह नाही ना?

नाही म्हणून मोकळे होऊ नका. १०० ते १२५ ला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, आणि तुम्ही तिच्या अगदी टोकाला आहात.

१२६ आला कुठून, हेही विचारलंय. १९९७ पर्यंत ही रेघ १४० वर होती. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीनं ती खाली आणली, कारण पिमा इंडियन (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात), इजिप्त आणि अमेरिकेतल्या पाहण्यांत डोळ्याच्या पडद्याचे मधुमेही बदल साधारण त्या सुमारास वाढताना दिसले. मूत्रपिंडाचा उंबरठा शरीराचा स्वतःचा: रक्तात साधारण १८० च्या वर साखर गेली की ती लघवीत उतरते (गरोदरपणी त्याआधीही). १२६ माणसांनी आखलाय. १२५ वाला निरोगी आणि १२६ वाला आजारी, असं शरीराला माहीत नसतं.

पण माझं खरं दुखणं रक्त ज्यात घेतात त्या नळीचं आहे. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला ५ ते ७ टक्के. 'राखाडी झाकणाच्या नळीत साखर टिकवायला फ्लोराइड आहे की, मग घाई कसली?' हे मी लॅबवाल्यांच्याच तोंडून ऐकतो आणि दर वेळी भांडतो. फ्लोराइड पेशीतल्या एनोलेज या एन्झाइमला अडवतं. ग्लुकोज मोडण्याच्या दहा पायऱ्यांतली त्याची पायरी नववी! साखर उचलली जाते पहिल्याच पायरीवर, त्यामुळे तास-दोन तास गळती चालूच राहते. १३२ चे १२५ व्हायला तेवढं पुरतं. होम कलेक्शनवाल्याच्या बॅगेत चार घरं फिरून आलेल्या नळीवर '१२४, नॉर्मलच्या जवळ' असा शेरा मारणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. नळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, बर्फ-पाण्यात ठेवायची, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून प्लाझ्मा (पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळा काढायचा. जमत नसेल तर आम्लयुक्त सायट्रेटची नळी वापरा. आम्लामुळे पहिल्या पायऱ्याच बंद पडतात.

तुम्ही स्वतः लॅबमध्ये जा. आठ तास उपाशी, पाणी चालेल. प्लाझ्मा किती वाजता वेगळा केला ते विचारा. सांगता येत नसेल तर लॅब बदला. त्याच वेळी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करा. दोन्ही रेघेवर किंवा तिच्या वर (१२६ आणि ६.५ टक्के) आले तर निदान झालं. एकच आलं तर तीच तपासणी पुन्हा, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन दोन तासांनी रक्त. तिथे रेघ २०० ची. बोटातून काढलेल्या आकड्यावर निदान नको: ग्लुकोमीटरला १५ टक्के चूक माफ असते, म्हणजे १२६ चे १०७ ही चालतात आणि १४५ ही.

एक राहिलं. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच वाढलेलं दिसतं आणि तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटंच कमी. तेव्हा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या.