महिना 780 रुपयांसाठी बहिणीची सही?

डोंबिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. फ्लॅटचं 34 लाखांचं कर्ज बाकी आहे, मुदत 14 वर्षं, दर 9.4 टक्के. कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं. एक बँक 8.1 टक्क्यांनी बॅलन्स ट्रान्सफर करायला, म्हणजे उरलेलं कर्ज स्वतःकडे घ्यायला, तयार आहे, पण यांनी नोकरी सोडून छपाईचा व्यवसाय सुरू केलाय आणि व्यवसायाची रिटर्न्स दोनच वर्षांची आहेत. म्हणून बँकेला सहकर्जदार हवाय. पत्नीचं उत्पन्न नाही. पुण्यात नोकरी करणारी धाकटी बहीण लगेच हो म्हणाली. "ती नुसती सही करणार, हप्ता मीच भरणार. करू ना?"

तुमच्या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, ताजा कलमासारखी लिहिली आहे: सध्याची कंपनीच 11,800 रुपये कन्व्हर्जन फी घेऊन दर 8.5 करून द्यायला तयार आहे. मी हिशोब तिथूनच सुरू केला.

आज तुमचा हप्ता 36,460 रुपयांच्या आसपास आहे. बँकेत गेलात तर 33,900. आहे तिथेच दर बदलून घेतलात तर 34,680. म्हणजे दोन पर्यायांत फरक महिना 780 रुपयांचा. बहिणीच्या सहीची खरी किंमत ही एवढीच. मनात 2,560 धरून बसू नका, त्यातले 1,780 तिच्याशिवायही वाचतात. शिवाय ट्रान्सफरचा खर्च (प्रोसेसिंग, व्हॅल्युएशन, वकील, मुद्रांक शुल्क) तुम्हीच 30,000 सांगितलाय. कन्व्हर्जनपेक्षा जास्तीचे ते 18,000 महिना 780 च्या बचतीतून भरून यायला जवळजवळ दोन वर्षं लागतील.

आणि दोन वर्षांतच बहिणीला स्वतःचा फ्लॅट घ्यायचाय, हेही तुम्हीच लिहिलंय.

इथे जरा थांबा. तिच्या हातात 78,000 येतात. बँक साधारण निम्मा पगार हप्त्यांसाठी धरते असं समजू, म्हणजे 39,000. तेवढ्यावर 20 वर्षांसाठी, 8.1 टक्क्यांनी तिला 46 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. तुमचा 33,900 चा हप्ता तिच्या नावावर दिसला की उरतात 5,100. त्यावर मिळतील सहा लाख. पुण्यात सहा लाखांत पार्किंगही मिळेल की नाही, शंकाच आहे. हप्ता वर्षभर तुमच्याच खात्यातून गेल्याची स्टेटमेंट दाखवली तर काही बँका तो तिच्या हिशोबातून वगळतात; पण ती त्यांची मर्जी, तिचा हक्क नव्हे.

"नुसती सही" हा शब्द म्हणूनच मला खटकला. सहकर्जदार म्हणजे कर्जदारच. 34 लाखांचं अख्खं कर्ज तिच्या सिबिल रिपोर्टमध्ये (कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये) येतं, निम्मं नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने तुमचं बिल थकवलं, खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता बाउन्स झाला आणि तो थकला, तर डाग दोघांच्या रेकॉर्डवर पडतो, आणि तिला ते कदाचित स्वतःच्या कर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर कळतं. जामीनदार केलं तरी फार फरक नाही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आणि एकदा आत गेलेलं नाव बाहेर काढायचं तर बँक पुन्हा तुमचं एकट्याचं उत्पन्न तपासणार. फ्लॅटवर तिचं नाव नसल्यामुळे करसवलतही तिला नाही. (त्यासाठी तिचं नाव फ्लॅटवर चढवू नका. मुद्रांक शुल्क तर जाईलच, पुढे वारसांची भांडणंही होतील.)

अजून एक. भाऊ-बहीण ही जोडी बऱ्याच बँका सहकर्जदार म्हणून घेतच नाहीत. "होऊन जाईल सर" असं एजंट म्हणतो, ते लेखी आहे का?

तुमची चिडचिड मात्र समजते. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) 6.50 वरून 5.50 वर आला आणि तुमचा दर जवळपास जागचा हलला नाही. बँकांना ऑक्टोबर 2019 पासून नवीन फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर, म्हणजे कंपनीनेच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतो. त्यामुळे कधीतरी बँकेत जायचंच आहे. प्रश्न फक्त कुणाच्या उत्पन्नावर, एवढाच.

म्हणून मी असं करेन. आत्ता 11,800 भरून 8.5 करून घ्या; ते सात महिन्यांत वसूल होतात. हप्ता शक्यतो 36,460 च ठेवा, कर्ज लवकर संपेल. धंद्यात ओढाताण असेल तर मात्र कमी करा. तिसऱ्या वर्षाचं रिटर्न भरलं की स्वतःच्या एकट्याच्या नावावर बँकेकडे जा. दर फ्लोटिंग आहे, तेव्हा फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड) लागणार नाही. तोवर 34 लाखांचा टर्म इन्शुरन्स आहे का ते बघा; मेलमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

आणि 11,800 चा चेक देण्याआधी कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्या: 8.5 हा दर पीएलआरमधून किती वजा करून आला, आणि ती वजावट कर्ज संपेपर्यंत तेवढीच राहणार का.