मैदानावरचे प्रश्न : सोनं देऊन पितळ घेतलं ते कुणी?

प्रश्न : ताई, हार्दिक पंड्या गुजरात टायटन्समधून मुंबईकडे गेला तेव्हापासून आमच्या घरात वाद चालू आहे, की यात नेमकं कोण फसलं? भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, बेसबॉलमध्ये याहून कितीतरी एकतर्फी सौदे झालेत. त्यातला सगळ्यात एकतर्फी कोणता? तुम्ही सॉफ्टबॉल खेळलात, शिकवलात, म्हणून तुम्हालाच विचारतो.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : भाऊ, आधी एक फरक सांगते. २०२३ मध्ये हार्दिक गेला तेव्हा गुजरातला बदल्यात खेळाडू मिळाला नाही, पैसे मिळाले. बेसबॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव बेब रूथचं, त्याचंही तसंच. बॉस्टन रेड सॉक्सने १९१९ च्या डिसेंबरात त्याला न्यूयॉर्क यांकीजना विकलं आणि पुढचं विजेतेपद बॉस्टनला थेट २००४ मध्ये मिळालं. पण ती विक्री. तुम्ही विचारताय अदलाबदलीबद्दल.

भाचा बहुतेक ‘ब्रॉकच्या बदल्यात ब्रोलिओ’ असं सांगेल. शिकागोत फसलेल्या सौद्याला आजही याच नावाने ओळखतात. १५ जून १९६४ ला शिकागो कब्जने बॅटर लू ब्रॉक सेंट लुइस कार्डिनल्सना दिला आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, अर्नी ब्रोलिओ घेतला. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू गेले, पण खरा सौदा या दोघांचा. ब्रॉक सेंट लुइसला गेला आणि उरलेल्या मोसमात त्याची सरासरी .३४८ झाली, म्हणजे हजार वेळा बॅट धरली तर ३४८ हिट्स (हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठणं). संघाने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली. निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर ९३८ चोरलेले बेस (बॉल मारला जाण्याची वाट न पाहता पळून गाठलेले) आणि ३,०२३ हिट्स होत्या. सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावर लिहितात. ब्रोलिओचे शिकागोकडून तीन मोसमांत ७ विजय, १९ पराभव.

तरी मी शिकागोला मूर्ख म्हणत नाही. आदल्याच वर्षी ब्रोलिओने १८ सामने जिंकले होते, आणि ब्रॉकची शिकागोतली सरासरी .२५० च्या आसपास होती, म्हणजे चार वेळा बॅट धरली तर एक हिट. त्या दिवशी कागदावर शिकागोचंच पारडं जड दिसत होतं. ब्रोलिओचं कोपर मात्र आतून गेलेलं होतं. त्याच वर्षी त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. दुखरा हात बाहेरून दिसत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या संघात एक पिचर मुलगी होती. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिचा खांदा ठणकत होता, पण सांगितलं तर बाकावर बसवतील म्हणून बोलली नाही. तिसऱ्या इनिंगला बॉल प्लेटपर्यंत पोचेना, तेव्हा कळलं. प्रत्येक थ्रोनंतर ती खांदा झटकत होती, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती चूक मी अजून विसरलेले नाही.

नोलन रायनचं नावही निघेल. १९७१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने जिम फ्रेगोसीसाठी त्याला, आणखी तिघांसह, कॅलिफोर्नियाला दिलं. पुढे त्याने ५,७१४ स्ट्राइकआउट केले, म्हणजे तितके बॅटर तीन स्ट्राइकवर बाद केले. पण सौद्याच्या वर्षी त्याने १५२ इनिंगमध्ये ११६ वॉक दिले होते, म्हणजे चार-चार चुकीचे बॉल टाकून बॅटरला पहिला बेस फुकट दिला होता. असा पिचर सांभाळणं सोपं नसतं. डेट्रॉइटची तर मी बाजूच घेईन. १९८७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वीस वर्षांचा पिचर जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला देऊन अनुभवी पिचर डॉइल अलेक्झांडर घेतला. स्मोल्ट्झने पुढे २१३ सामने जिंकले हे खरं. पण अलेक्झांडर त्या मोसमात ९ जिंकला, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपला गट जिंकला. ज्यासाठी घेतला ते काम त्याने केलं.

माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा सिनसिनाटीचा. ९ डिसेंबर १९६५ ला त्यांनी बॅटर फ्रँक रॉबिन्सन बाल्टिमोरला दिला. इथे कोपर लपलेलं नव्हतं की पोरगा कच्चा नव्हता. दहा वर्षं तो त्यांच्या डोळ्यांसमोर खेळला होता, ३२४ होम रन मारले होते, १९६१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. सौद्याच्या वर्षी, १९६५ च्या मोसमातही त्याचे ३३ होम रन होते. तरी मालकांचं मत असं, की तिशी गाठलेला हा माणूस वयाच्या मानाने तरुण राहिलेला नाही. बदल्यात आले पिचर मिल्ट पॅपस आणि आणखी दोघे. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन सरासरी, होम रन आणि धावा आणण्यात, तिन्हींत लीगमध्ये पहिला : .३१६, ४९ आणि १२२. वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना बाल्टिमोरने १-० असा जिंकला, आणि ती एक धाव त्याच्याच होम रनची. न कळल्यामुळे झालेली चूक मी समजू शकते. स्वतःच्या अंगणातल्या माणसाला वयावरून मोडीत काढणं मला पटत नाही.

प्रश्न : खेळाडूला न विचारता असं पाठवता येतं का?
— तेच वाचक

उत्तर : आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये बहुतेकदा नाही. १९६९ मध्ये सेंट लुइसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा आपल्याला विचारल्याशिवाय खरेदी-विक्री व्हावी अशी आपण मालमत्ता नाही, असं त्याने लीगच्या प्रमुखांना लेखी कळवलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात १९७२ मध्ये तो ५-३ ने हरला. त्यानंतर मात्र खेळाडूंना एक नियम मिळाला : मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली असतील, तर सौद्याला नकार देता येतो. १९७३ मध्ये त्याचा पहिला वापर शिकागो कब्जच्या रॉन सँटोने केला. फ्लडला स्वतःला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. तो १९७१ मध्येच खेळ सोडून गेला होता.