थंक, हुंडी आणि खोका

प्रश्न नागपूरच्या एका विद्यार्थ्याचा: हास्केल या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘थंक’ला मराठीत काय म्हणावं, आणि ‘आळशी मूल्यमापनामुळे प्रोग्राम संथ होतो’ हे खरं का?

दुसरं आधी. काहून होईल बाप्पा? ‘लेझी’चं ‘आळशी’ केलं की जो तो ‘संथ’ ऐकतो. काम गरज पडेपर्यंत करायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ. गरज पडलीच नाही तर ते वाचतं. दुखणं बहुतेक वेळा मेमरीचं असतं. पुढे ढकललेलं प्रत्येक काम कुठेतरी मांडून ठेवावं लागतं, आणि ती नोंद म्हणजे थंक.

हा शब्द पीटर इंगरमन यांच्या 1961 च्या लेखातला, आल्गोल 60 या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या संदर्भातला. ‘थिंक’चं मुद्दाम बिघडवलेलं भूतकाळी रूप: विचार कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्याने, आधीच करून ठेवलाय. स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या कामाच्या उतरंडीवर, डेटा आदळल्याचा तो आवाज, असं सांगणारेही आहेत. मग स्टॅकवर पडणाऱ्या बाकीच्या मालाने काय गप्प पडायचं?

मराठीत ‘विलंबित गणना’ सुचवणाऱ्यांनी एकदा नागपूरच्या इतवारी बाजारातल्या जुन्या सावकारी पेढ्यांची भाषा ऐकावी. थंक म्हणजे हुंडी (पैसे देण्याची व्यापारी चिठ्ठी), तीही दर्शनी: दाखवली की वटवायची. वटलेल्या, रद्द झालेल्या हुंडीला व्यापारी खोका किंवा खोखा म्हणत. हास्केलचा कंपायलर जीएचसीही तेच करतो. थंक एकदा वटला की त्याच जागी उत्तराकडे बोट दाखवणारा दुवा राहतो आणि पुढच्या सफाईत गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग, तो काढून टाकतो. कोटीला ‘खोका’ म्हणतात तोही याच कागदावरून आला असावा, असं माझं ठाम मत आहे. पेटीवरून आला म्हणणाऱ्यांनी लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला पुन्हा पेटीच का, ते सांगावं.

असो. फोल्डएलने (foldl, यादी डावीकडून एकेक करत एका उत्तरात गुंडाळणारं फंक्शन) दहा लाख आकड्यांची बेरीज करा: कंपायलरने वाचवलं नाही, तर शेवटपर्यंत एकही हुंडी वटत नाही. 64-बिट यंत्रावर दोन पदं धरून ठेवणारा साधा थंक 32 बाइटचा: एक वर्ड (8 बाइट) कोडच्या पत्त्याला, एक उत्तरासाठी राखीव, दोन पदांना. म्हणजे नुसत्या हुंड्याच 32 एमबी. कंपायलरला मायनस ओ (-O) दिलं तर स्ट्रिक्टनेस विश्लेषण, म्हणजे कोणतं मूल्य नक्की लागणार हे आधीच ओळखणं, बरेचदा सांभाळून घेतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दर पायरीला हुंडी लगेच वटवणारा फोल्डएल-प्राइम (foldl') वापरा, जीएचसी 9.10 पासून तो प्रिल्यूडमध्येच, म्हणजे आपोआप मिळणाऱ्या लायब्ररीत, आहे.

इथेच फसगत होते. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या यांची जोडी फोल्डएल-प्राइमला दिली, तरी मेमरी फुगू शकते. तो फक्त वरचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे बाहेरचं वेष्टन, उघडतो. जोडी मिळते, आतल्या दोन्ही हुंड्या तशाच. दोन्ही घटकांवर बँग (! ही खूण, ‘लगेच वटव’ म्हणणारी) लावा, किंवा स्ट्रिक्ट, म्हणजे लगेच वटणाऱ्या, फील्डचा स्वतःचा टाइप करा. मोजणीच्या मॅपला (किल्लीवरून मूल्य देणाऱ्या कोशाला) डेटा-मॅप-स्ट्रिक्ट (Data.Map.Strict) घ्या. मग प्रोग्राम प्लस-आरटीएस मायनस-एस (+RTS -s) देऊन चालवा आणि ‘मॅक्सिमम रेसिडेन्सी’ची, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती मेमरी वापरात होती त्याची, ओळ आधीच्याशी ताडून बघा.