चाहत्यांचे लाडके, तरी हॉल ऑफ फेमबाहेर राहिलेले बेसबॉलपटू कोण?

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांचं सन्मान-दालन. माझ्या मते पहिलं नाव डॉन मॅटिंग्लीचं. न्यूयॉर्क यँकीज संघाचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, चाहत्यांचा 'डॉनी बेसबॉल'. १९८४ मध्ये .३४३ ची सरासरी (हजार प्रयत्नांमागे ३४३ यशस्वी फटके), १९८५ मध्ये एमव्हीपी (लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू), आणि १९८७ मध्ये तर सलग आठ सामन्यांत होमरन (फलंदाज सगळे बेस फिरून येतो असा फटका), शिवाय एकाच मोसमात सहा ग्रँडस्लॅम. ग्रँडस्लॅम म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू असताना मारलेला होमरन, एका फटक्यात चार धावा. पण नंतर पाठीने दगा दिला. हात तोच, फटक्यातला जोर गेला. कारकिर्दीत होमरन २२२च, आणि फर्स्ट बेसमनसाठी मतदार पत्रकारांना ते तोकडे वाटले. निवडीला ७५ टक्के मतं लागतात. याला पहिल्या वर्षी, २००१ मध्ये, २८.२ टक्के मिळाली आणि पुढच्या १४ प्रयत्नांत तेवढीही नाहीत.

नशीबही बघा कसं. १९९५ मध्ये पहिल्यांदाच प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, खेळला, .४१७ च्या सरासरीने, तरी संघ हरला. तो निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी यँकीज वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले!

दुसरा अटलांटा ब्रेव्ह्जचा डेल मर्फी. १९८२ आणि १९८३, लागोपाठ दोनदा एमव्हीपी. माणूस इतका सरळ की विरोधी संघाचे चाहतेही त्याच्याबद्दल वाईट बोलत नसत. होमरन ३९८. चारशेला दोन कमी. नुसत्या दोन होमरननी निकाल फिरला असता असं नाही, पण ४०० चा आकडा मतदारांच्या डोळ्यात भरतो हेही खरंच.