‘वेव्हर’ म्हणजे माफी का?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : मुलाच्या अमेरिकी व्हिसाच्या कागदांत ‘वेव्हर’ हा शब्द आला, त्याला मराठीत ‘माफी’ म्हणावे का? आणि ‘व्हिसा नाकारला’ व ‘प्रवेश नाकारला’ यांत फरक तो काय?

‘माफी’ टाळावी. कर्जमाफी झाली की सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो आणि विषय मिटतो. पर्यटक किंवा विद्यार्थ्याला मिळणाऱ्या वेव्हरने तसे होत नाही. अपात्रतेचे कारण नोंदीत राहतेच, फक्त त्या व्हिसापुरती आडकाठी बाजूला ठेवतात. पुढच्या व्हिसाला पुन्हा मागावे लागते. म्हणून ‘अपात्रतेतून सूट’ म्हणावे. नुसती ‘सूट’ मात्र नको, कशातून ते सांगावेच लागते.

कारण प्रत्येक नकारामागे अपात्रता नसते. आपल्याकडच्या बहुतेक पर्यटकांना आणि विद्यार्थ्यांना मुंबईच्या वकिलातीत मिळणारा नकार अमेरिकेच्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यातल्या कलम २१४ (बी) खालचा असतो : परत येण्याइतके पाश इथे आहेत, हे अधिकाऱ्याला पटले नाही. यात सूट मागायची सोयच नाही. परिस्थिती बदलली की नवे शुल्क भरून नवा अर्ज करायचा, एवढेच. ‘वेव्हर काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला आधी कलम विचारावे. २२१ (जी) ची चिठ्ठी मिळाली असेल तर कागद अपुरे आहेत किंवा तपासणी बाकी आहे. मागितलेले कागद वर्षाच्या आत द्यायचे.

खरी अपात्रता कलम २१२ मध्ये आहे : काही गुन्हे, काही आजार, खोटी माहिती, मुदतीपेक्षा जास्त मुक्काम. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी झाला आणि माणूस आपणहून निघाला, तर ३ वर्षे बंदी. वर्ष किंवा अधिक झाला, तर १० वर्षे. मोजणी देश सोडल्यापासून. खोट्या माहितीची बंदी जन्मभराची. सूट देताना तीन गोष्टी तोलतात : समाजाला धोका किती, आधीची चूक किती गंभीर, जायचे कारण काय.

आता दुसरा भाग. व्हिसा वकिलात देते, प्रवेश विमानतळावरचा अधिकारी देतो. व्हिसा असूनही तो परत पाठवू शकतो. तेही दोन तऱ्हांनी. तातडीच्या हकालपट्टीचा आदेश निघाला, तर पहिल्या वेळी ५ वर्षे बंदी. प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ दिला, तर निव्वळ तेवढ्याने बंदी लागत नाही. मराठीत मात्र दोघांनाही सरसकट ‘डिपोर्ट केले’ म्हणतात. बातम्यांत तर कधी ‘तडीपार’ही वाचायला मिळते, तो शब्द महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या कलम ५६ च्या कारवाईचा, तिथेच राहू द्यावा.

हा गोंधळ व्हिसासाठी भरायच्या डीएस-१६० अर्जात महाग पडतो. तिथे एकाच प्रश्नात तिन्ही गोष्टी विचारल्या आहेत : कधी व्हिसा नाकारला, प्रवेश नाकारला किंवा प्रवेशाचा अर्ज मागे घेतला का? ‘व्हिसा तर मिळाला होता, फक्त परत पाठवले’ अशा समजुतीने ‘नाही’वर खूण केली, की साध्या परतीचे रूपांतर खोट्या माहितीत होऊ शकते. २२१ (जी) सुद्धा नकारातच धरतात, तेव्हा ‘होय’ म्हणून खाली तारीख आणि कारण दोन ओळींत लिहावे.