वाळूच्या लॅबमधली खोली

कोल्हापूर, रविवार सकाळ

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्यांची वाळू तपासायची नोकरी. पगार बरा, काम डिप्लोमाच्याच विषयातलं, आणि तरी फाउंड्री बघून घरी आल्यावर ओढणी भिजत घातली तेव्हा बादलीतलं पाणी काळं झालं, म्हणून तुझं मन मागे फिरलं. लॅबच्या खोलीला खिडकी नाही, भिंती काजळलेल्या, शेजारी साचे फोडून ओतीव भाग काढणारा नॉकआउट दिवसभर धडधडतो, त्यात कोअर शॉपमधून, साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथून, कुजक्या मासळीसारखा वास. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ‘एवढ्यासाठी नाही म्हटलं तर लोक नखरे म्हणतील का?’ असं विचारलंस. म्हणू देत. दिवसाचे नऊ तास जिथे श्वास घ्यायचा, ती जागा तू नीट बघितलीच पाहिजे.

पण एक सांग, ती लॅब तिथेच का आहे, हा विचार केलास का? मिक्सरमधून निघालेली ओली वाळू उघडी राहिली की लगेच सुकायला लागते. तीन-चार टक्के ओलाव्याचा सगळा खेळ. तो नमुना लांबच्या गार ऑफिसात नेऊन तपासला तर आकडा खोटाच येणार. वाळू ठोकणाऱ्या रॅमरचे तीन ठोके, त्यातून होणारा पन्नास मिलिमीटरचा तो दंडगोल, परमिॲबिलिटी म्हणजे त्यातून हवा किती जाते ते, सगळं ताज्या वाळूवर, तिथल्या तिथे. आकडा चुकला की त्याच पाळीत ब्लो होलची, म्हणजे आत वायूची पोकळी राहिलेली, कास्टिंगं भंगारात. म्हणजे उष्णता, आवाज, काळे हात हे कामाबरोबर येणारच. पण त्या खोलीला एक्झॉस्ट फॅन नाही, दार बंद होत नाही, हे काही वाळूने मागितलेलं नाही. ते कुणीतरी करायचं टाळलंय. तू निर्णय घेताना हे दोन हिशेब वेगळे मांड.

मी १९८४ साली डिप्लोमा करून अशाच एका शेडमध्ये लागलो. तिथे साचे करणारे एक म्हातारे मोल्डर होते. वाळू मुठीत दाबायचे, बोटांनी मोडायचे आणि म्हणायचे, ‘पाणी जास्त झालंय रे.’ पाच मिनिटांनी माझं यंत्र तेच सांगायचं. त्यांच्याशेजारी दोन वर्षं उभं राहून जे आलं, ते मला कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. त्या काळ्या शेडचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी आजही मानतो.

त्याच शेडमध्ये फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, माझ्याच वयाचा एक सोबती होता. ग्राइंडरवर दिवसभर. तोंडाला रुमाल बांधायचा. चाळिशीच्या आत जिना चढताना त्याला दम लागायला लागला. आधी टीबी म्हणून औषधं झाली, मग पुन्हा टीबीच म्हणून झाली, आणि शेवटी सिलिकोसिस, वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, निघाला. रुमालाने ती धूळ अडत नाही, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्यांनी सांगितलं नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. कारखान्याचं नाव लिहीत नाही, पण तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही, म्हणून हे पत्र लांबतंय.

तुझी ओढणी ज्याने काळी झाली, ती धूळ बरीचशी जाड असते. त्यात कोळशाची पूड असते. ती नाकात अडते, साबणाने जाते. फुप्फुसात खोल उतरणारा सिलिकाचा कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे केसाच्या जाडीपुढे काहीच नाही. तो डोळ्यांना दिसत नाही. कोअर शॉपचा तो मासळीचा वास अमाइनचा, कोअर घट्ट करायला वापरतात त्या वायूचा. अगदी थोडा असला तरी नाकाला लगेच कळतो, त्यामुळे नुसत्या वासावरून घाबरू नकोस. पण तिथल्या कामगारांना पाळी संपताना दिव्यांभोवती निळसर धुकं दिसतं का, हे जरूर विचार. दिसत असेल तर हवा खरंच वाईट आहे. आणि ओतकामानंतर साच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड? त्याला वासच नसतो. बंद खोलीत मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

म्हणून होकार किंवा नकार देण्याआधी आणखी एकदा जा. मुलाखतीच्या वेळी सकाळी अकराला गेली होतीस, आता दुपारी चारला, ओतकाम चालू असताना जा. लॅबमध्ये अर्धा तास बसायची परवानगी माग. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं समज आणि कानाला लावायला काय देतात ते विचार. फेटलिंगच्या लोकांच्या तोंडावर नीट बसणारा मास्क आहे की रुमाल, ते बघ. वर्षाला छातीचा एक्सरे आणि श्वासाची तपासणी होते का, आणि त्याचा कागद कामगाराला मिळतो का, हे एचआरला विचारू नकोस, थेट कामगाराला विचार.

एक जुना आकडा माझ्या मनात पक्का बसलाय. १९४८च्या कारखाने अधिनियमात माणशी १४.२ घनमीटर जागा धरली होती, आणि जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची हवा त्यात मोजायची नाही, असंही लिहिलं होतं. उंच छप्पर दाखवून कुणी फसवू नये, एवढा बारीक विचार त्या लोकांनी केला होता. टेप घेऊन जा आणि खोली मोज. यात लाजायचं काही नाही.

बायकांचं स्वच्छतागृह बघ. तू पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाहीस, संकोचाने असेल. आतून कडी लागते का, पाणी आहे का, रात्रपाळीला तिथे दिवा असतो का? मुली दिवसभर पाणी न पिता काढतात आणि मूत्रमार्गाची दुखणी घेऊन घरी जातात, हे मी पाहिलंय. ते नसेल तर बाकी कितीही चांगलं असो, माझा होकार नाही.

मग मॅनेजरसमोर बस आणि दोनच गोष्टी माग: लॅबला एक्झॉस्ट, आणि दाराला फटी बुजवणारी पट्टी. फार खर्चाचं काम नाही. तो तुझं ऐकून वही काढतो, की ‘इथे सगळेच असं करतात’ म्हणतो, ते बघ. वही काढणारा असेल तर मी म्हणेन जा. सहा महिने काळे हात करून घे, वाळू मुठीत दाबायला शीक. दुसरं वाक्य कानावर आलं तर पगार पाच हजारांनी वाढवून दिला तरी नको. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागल-हातकणंगल्याकडे फाउंड्र्या काही कमी नाहीत, आणि वाळू कळणारी माणसं सगळ्यांना हवी असतात. वडिलांना मी समजावतो.

गुरुवारी जाऊन आलीस की फोन कर. बंद बूट आणि सुती कपडे घाल, ओढणी घरी ठेव. यंत्राजवळ ती नकोच. आणि बेसिनपाशी साबण होता का, ते मला आधी सांग.

तुझे,
सर