बायोप्सीत एस-१०० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ निगेटिव्ह आलंय. म्हणजे काकांच्या तळपायाची गाठ मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) नाही ना?

तेवढ्यावरून 'नाही' धरून चालू नका. हे दोन्ही मार्कर, म्हणजे पेशीची जात ओळखायला अँटिबॉडी लावून रंगवायची प्रथिनं. एचएमबी-४५ आलं तर मोठा पुरावा, नाही आलं तर त्यावरून काहीच सुटत नाही. डेस्मोप्लास्टिक मेलानोमात (मेलानोमाचा तंतुमय प्रकार) ते आणि मेलन-ए हा मार्कर बहुतेक वेळा येतच नाहीत. एस-१०० आणि सॉक्स-१० हा आणखी एक मार्कर येतात. पण एस-१०० मज्जातंतूंच्या गाठींतही येतं, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मी पुण्यात हिस्टोपॅथॉलॉजीचा (बायोप्सीचे तुकडे तपासणाऱ्या लॅबचा) टेक्निशियन. तळपाय म्हटलं की मला भोरकडच्या एक मावशी आठवतात. काळा चट्टा; कुरूप समजून ब्लेडनं तासत राहिल्या होत्या. आमच्याकडे मार्कर डीएबी नावाच्या रसायनानं रंगवायचे. तो रंग तपकिरी आणि त्वचेचं रंगद्रव्य मेलॅनिनही तपकिरी! डॉक्टरांनी खोलवर तपकिरी दिसतंय म्हणून तिथवर ट्यूमर धरला. मी निगेटिव्ह कंट्रोलची स्लाइड पुढे केली. तिच्यावर मुख्य अँटिबॉडी घातलेलीच नसते, तरी ती तेवढीच तपकिरी. "तुम्ही रंगवा, वाचायचं आम्ही बघू," हे सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं. तरीही त्याच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) नवे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापले आणि मेलन-ए लाल क्रोमोजेननं (रंग देणाऱ्या रसायनानं) लावलं. ट्यूमरच्या पेशी लालभडक, पण वरच्या थरातच. खालच्या तपकिरीच राहिल्या. त्या मेलॅनिन गिळून बसलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी. त्यामुळे ट्यूमरची जाडी बरीच कमी भरली.

जाडीवरच पुढचं ऑपरेशन ठरतं. १ मिलीमीटरपर्यंत असेल तर भोवतीची साधारण १ सेंटीमीटर निरोगी कड कापून घेतात, २ च्या वर गेली की २ सेंटीमीटर. तळपायावर तो एक सेंटीमीटर किती महागात पडतो, हे चालणाऱ्याला विचारा.

म्हणून सॉक्स-१० आणि मेलन-ए झालंय का, ते विचारा. सॉक्स-१० केंद्रकात उमटतं, त्यामुळे पेशीद्रवातल्या मेलॅनिनशी गल्लत कमी होते. गाठ काळी असेल तर रंग कुठला वापरला आणि कंट्रोल कसा आला, हेही विचारा. टेक्निशियनला विचारलंत तरी चालेल. स्लाइड त्याच्याच हातून गेलेली असते.

निदान मात्र पॅथॉलॉजिस्टच करणार, मी नाही. शंका राहिली तर लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या आणि मुंबईला टाटात दाखवा. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, ब्लॉक नसेल तर तिथे नवे मार्कर लावता येत नाहीत.